वर्ग पण अन घन पण: असे आकडे शोधायची पूर्ण पद्धत, बर्फीच्या ताटापासून

नागपुरात मानेवाड्याला ताईकडे गेलो होतो, संत्र्याचे दिवस होते अन तिनं घरीच संत्रा बर्फी केली होती. थापताना थर जरा जास्तच जाड झाला त्यामुळे वड्या चपट्या न येता ठोकळ्यांसारख्या आल्या, लांबी रुंदी उंची सारखीच. ताटात उभे ८ अन आडवे ८ तुकडे. ताई म्हणे डब्यात भर, तर भाचा भरायला बसला. डब्याच्या बुडाशी ४ बाय ४ बसले, त्यावर दुसरा थर, तिसरा, चौथा थर लागला अन ताट रिकामं. ताटात एक तुकडा उरला नाही अन डब्यात एक खड्डा राहिला नाही. (मी एक आधीच तोंडात टाकला असता तर हे लिहायची वेळच आली नसती.)

म्हणजे तेवढेच ६४ तुकडे सपाट मांडले तर पूर्ण चौरस, अन रचले तर पूर्ण घन.

पोट्टा आठवीत आहे, स्कॉलरशिपची तयारी करून राहिला. तो लगेच म्हणे, मामा हे तर आमच्या सराव पेपरात आलं होतं, "१ ते १००० मध्ये पूर्ण वर्ग आणि पूर्ण घन अशा दोन्ही असणाऱ्या संख्या किती?" मी म्हटलं तू काय लिहिलं? म्हणे ३, बरोबर आलं, मार्क पण भेटला. मी म्हटलं वा, कोणकोणत्या तीन? तर म्हणे १, ३२ अन २४३.

घ्या आता! ३२ ना वर्ग आहे ना घन. ५ चा वर्ग २५, ६ चा ३६, मधात ३२ येतच नाही. ३ चा घन २७, ४ चा ६४, तिथेही नाही. त्याच्याजवळ कुठल्यातरी क्लासच्या झेरॉक्स नोट्स होत्या, त्यात "वर्ग म्हणजे २, घन म्हणजे ३, दोन्ही म्हणजे २+३=५ वा घात" असं छापलं होतं. अन योगायोग बघा, १००० पर्यंत पाचवे घात पण तीनच आहेत अन सहावे घात पण तीनच. चुकीची रीत, बरोबर उत्तर, पूर्ण मार्क. असं झालं की चूक पक्की बसते, कारण पेपरनंच तिच्यावर शिक्का मारला ना. तोच प्रश्न १ ते १०००० चा आला असता तर पोट्ट्यानं ६ लिहिले असते अन खरं उत्तर ४ आहे.

त्या संध्याकाळी त्याला जे शिकवलं तेच इथं सविस्तर लिहून राहिलो. आठवीच्या पोरांना तर चालेलच, पण रेल्वे-बँक-एमपीएससी करणाऱ्यांनाही हे प्रश्न फिरून फिरून येतात. घात दाखवायला मी ^ हे टोपीचं चिन्ह वापरतो, २^६ म्हणजे २ चा सहावा घात.

आधी वही घ्या, ट्रिक नंतर

१००० पर्यंतचे घन लिहा. वर्ग नका लिहू, ते ३१ आहेत, घन फक्त दहा आहेत, कमी आहे ती लिस्ट आधी घ्यायची:

१, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९, १०००

आता एकेकावर बोट ठेवून विचारा, हा वर्ग आहे का? १ आहे. ८ नाही. २७ नाही. ६४ आहे, ८ चा. १२५ नाही, ११ चा वर्ग १२१ अन १२ चा १४४. २१६ नाही, ३४३ नाही, ५१२ नाही. ७२९ आहे, २७ चा. १००० वर पोरं हमखास फसतात, शून्यं बघून वर्ग वाटतो, पण ३१ चा वर्ग ९६१ अन ३२ चा १०२४, म्हणजे नाही.

उरले तीन: १, ६४, ७२९. इथं पेन खाली ठेवून दोन मिनिटं नुसतं बघायचं आहे, घाई नाही करायची. या तिघांची घनमुळं काय आहेत? १, ४, ९. हे तर स्वतःच वर्ग आहेत! अन वर्गमुळं? १, ८, २७. हे स्वतःच घन आहेत! भाच्यानं हे स्वतः पाहिलं, मी सांगितलं नाही, अन त्याच्या तोंडून निघालं "अबे!" तेव्हा समजलो की आता पुढचं डोक्यात जाईल.

काऊन असं होते?

शाळेतला पीटीचा तास आठवा. सर म्हणतात जोडीजोडीनं उभे राहा, कोणी एकटा उरला नाही. मग म्हणतात आता तिघातिघांचे गट करा, तरी कोणी उरला नाही. तर पोरं किती असतील? ६, १२, १८, म्हणजे ६ च्या पाढ्यात. ५ असते तर जोड्या करताना एक उरला असता अन तिघांचे गट करताना दोन.

संख्येच्या आत तेच चालते. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव पाडा. ती पूर्ण वर्ग असेल तर प्रत्येक मूळ अवयवाच्या जोड्या लागतात, म्हणजे प्रत्येक घातांक सम असतो. पूर्ण घन असेल तर प्रत्येकाचे तिघातिघांचे गट पडतात, घातांकाला ३ नं भाग जातो. दोन्ही पाहिजे असेल तर घातांकाला २ नं पण अन ३ नं पण भाग गेला पाहिजे, म्हणजे ६ नं. ६४ = २×२×२×२×२×२, सहा दोन. तीन जोड्या करा, प्रत्येक जोडीतून एक उचला, २×२×२ = ८, झालं वर्गमूळ. तिघांचे दोन गट करा, २×२ = ४, झालं घनमूळ.

म्हणून नियम एवढाच: जी संख्या कोणत्यातरी पूर्णांकाचा सहावा घात आहे तीच वर्ग पण असते अन घन पण, दुसरी कोणतीच नाही.

इथं अजून एक खड्डा आहे तो बुजवून घेऊ. भाच्यानं विचारलं, मामा मग ५ नाही तर ६, म्हणजे बेरीज नाही गुणाकार करायचा, बरोबर ना? नाही बापा, गुणाकार पण नाही, लसावि. २ अन ३ चा लसावि आणि गुणाकार सारखाच ६ येतो म्हणून फरक दिसत नाही. पण प्रश्न आला की चौथा घात अन सहावा घात दोन्ही असलेली सर्वात छोटी संख्या सांगा, १ सोडून, तर गुणाकारवाला २^२४ लिहील, जे पावणेदोन कोटीच्या आसपास जाते, अन खरं उत्तर २^१२ म्हणजे ४०९६ आहे.

ज्यांना अवयवांचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी दुसरा रस्ता, अन मला स्वतःला हाच जास्त आवडते. बर्फीच्या ताटाची बाजू घ्या, ८. डब्याची बाजू घ्या, ४. भागाकार करा, २. अन २ चा सहावा घात किती? ६४. हा योगायोग नाही. ताटाची बाजू अ, डब्याची ब धरा. तुकडे तेवढेच आहेत म्हणून अ×अ = ब×ब×ब. दोन्हीकडे ब×ब नं भागा, तर (अ÷ब) चा वर्ग = ब. आता ब तर पूर्णांक आहे, अन ज्या अपूर्णांकाचा वर्ग पूर्णांक येतो तो अपूर्णांक मुळात पूर्णांकच असतो (दीड चा वर्ग सव्वादोन, अडीचचा सव्वासहा, खालचा छेद वर्ग केल्यानं कधीच जात नाही, उलट वाढते). म्हणजे अ÷ब हा पूर्णांक, त्याला क म्हणा. मग ब = क^२, अ = क×ब = क^३, अन तुकडे = क^६. एवढ्यात संपलं. ताट भागिले डबा म्हणजे सहावं मूळ.

ही लिस्ट जवळ ठेवा

१ ते १० चे सहावे घात:

१, ६४, ७२९, ४०९६, १५६२५, ४६६५६, ११७६४९, २६२१४४, ५३१४४१, १००००००

हे दहा पाठ असले तर परीक्षेतले बहुतेक प्रश्न तोंडी सुटतात. पाठ होत नसतील तर घन पाठ असू द्या, घनाचा वर्ग केला की झालं, ७ चा घन ३४३, ३४३ चा वर्ग ११७६४९. पुढचे पाहिजे असतील तर ११ चा १७७१५६१, १२ चा २९८५९८४, १३ चा ४८२६८०९, १५ चा ११३९०६२५, अन २० चा ६ कोटी ४० लाख, तो तर ६४ पुढं सहा शून्यं एवढाच आहे.

शून्य पण यात येते बरं का, ० चा वर्ग ० अन घन पण ०. आपल्या नागपूरकरांना तर सांगायलाच नको, शहरात झिरो माइलचा दगडच उभा आहे, मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रश्नात "पूर्णांक" लिहिलं असेल तर ० धरा, "नैसर्गिक संख्या" लिहिलं असेल तर १ पासून. ऋण संख्या मात्र कधीच नाही: −६४ हा −४ चा घन आहे, पण कोणत्याच पूर्णांकाचा वर्ग ऋण येत नाही, त्यामुळे वर्गाच्या दारातच ती अडकते.

समोर आकडा आला, हा दोन्ही आहे का? कसं तपासायचं

मोठा आकडा दिसला की पोरं सरळ २ नं भागत सुटतात, अन अर्धं पान भरल्यावर कळते की हा वर्गसुद्धा नाही. आधी चाळण्या लावायच्या, एकेक चाळणी दहा-पंधरा सेकंदाची.

पहिली चाळणी शेवटच्या अंकाची. शेवटी २, ३, ७, ८ असेल तर बाद, वर्ग असा संपतच नाही. २५००४७ घ्या, हा ६३ चा घन आहे, पण शेवटी ७, बाद. शेवटी शून्यं असतील तर ती मोजा, ६, १२, १८ अशीच पाहिजे. १००००० मध्ये पाच आहेत, बाद. अन शेवटी ५ असेल तर शेवटचे तीन अंक ६२५ असलेच पाहिजे. १५६२५ बघा, ११३९०६२५ बघा, २५ चा सहावा घात २४४१४०६२५ बघा. ५ नं संपणाऱ्या संख्येचा सहावा घात घेतला की १२५ नं तर भाग जातोच, अन विषम असल्यामुळे ८ नं भागून बाकी १ राहते, १००० च्या आत असं फक्त ६२५ च आहे.

दुसरी चाळणी अंकांच्या बेरजेची. एक अंक उरेपर्यंत बेरीज करत जा, शेवटी १ किंवा ९ च आला पाहिजे. ४०९६: ४+०+९+६ = १९, मग १०, मग १. पास. ४६६५६: बेरीज २७, मग ९. पास. दुसरं काही आलं तर सोडून द्या. कारण असं की कोणत्याही संख्येला ३ नं भाग जात असेल तर तिच्या सहाव्या घाताला ९ नं जाणारच, अन जात नसेल तर तिचा घन ९ च्या पाढ्यापेक्षा एकानं जास्त किंवा एकानं कमी असतो, त्याचा वर्ग केला की एकानं जास्तच उरते.

तिसरी चाळणी ७ नं भागायची. बाकी ० किंवा १, तिसरी नाही. कोणत्याही घनाला ७ नं भागा, बाकी ०, १ किंवा ६ येते, अन त्या घनाचा वर्ग केला तर ६ चे ३६ होतात, ३६ ला ७ नं भागून पुन्हा १. आता ५१८४ घ्या. ७२ चा वर्ग आहे, शेवटी ४, अंकांची बेरीज १८ म्हणजे ९, दोन चाळण्यांतून साळसूदपणे निसटतो. ७ नं भागा, ७ × ७४० = ५१८०, बाकी ४. सापडला!

पण ऐका, चाळणी पास म्हणजे निवड नाही. १००९ बघा: शेवटी ९, बेरीज १० म्हणजे १, ७ नं भागून बाकी १. सगळं पास, अन १००९ तर चक्क मूळ संख्या आहे, तिला वर्ग नाही घन नाही. चाळणीनं फक्त नापास ठरवता येते, पास ठरवायला मूळ काढावंच लागते.

मूळ काढायचं कसं ते एका मोठ्या आकड्यावर दाखवतो, २४१३७५६९. घाबरू नका, कागदावर दोन ओळींचं काम आहे.

आधी कुठं बसतो ते बघा. १० चा सहावा घात १० लाख, २० चा ६ कोटी ४० लाख. आपला आकडा २ कोटी ४१ लाख, म्हणजे मूळ १० अन २० च्या मधात. आता शेवटचा अंक ९. सहाव्या घाताच्या शेवटच्या अंकाचं गणित सोपं आहे: मूळ १ किंवा ९ नं संपत असेल तर शेवटी १, २ किंवा ८ नं संपत असेल तर ४, ३ किंवा ७ ला ९, ४ किंवा ६ ला ६, ५ ला ५ अन ० ला ०. आपल्याला ९ आहे, म्हणजे १३ किंवा १७. १३ चा सहावा घात ४८ लाखाच्या घरात, फार छोटा. मग उरला १७. आता खात्री करा, ही स्टेप गाळू नका: १७ चा वर्ग २८९, २८९ चा वर्ग ८३५२१, अन ८३५२१ × २८९ = २४१३७५६९. बसला. म्हणजे हा १७ चा सहावा घात, वर्गमूळ ४९१३, घनमूळ २८९.

अन प्रश्नातच सांगितलं असेल की संख्या पूर्ण घन आहे, तर एवढं पण नको. घनमूळ काढा अन ते वर्ग आहे का तेवढंच बघा. १३८२४ चं घनमूळ २४, वर्ग नाही, बाद. १५६२५ चं घनमूळ २५, वर्ग आहे, पास. उलट, पूर्ण वर्ग दिला असेल तर वर्गमूळ काढून ते घन आहे का बघा. मी तरी घनमुळाकडूनच जातो, आकडा लवकर छोटा होते.

सर्वात छोट्या कितीनं गुणलं तर दोन्ही होईल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येते अन सगळ्यात जास्त चुकते. ७२ घ्या. ७२ = २^३ × ३^२. इथं एक गंमत, भाच्यानं आधी म्हटलं की ७२ तर आधीच दोन्ही आहे, ८ हा घन अन ९ हा वर्ग! घन गुणिले वर्ग म्हणजे दोन्ही नाही होत रे, एकाच घरात दोन भाडेकरू राहून राहिले एवढंच. प्रत्येक मूळ अवयवाला स्वतःचे ६ पूर्ण पाहिजे.

तर २ कडे ३ आहेत, अजून ३ पाहिजे. ३ कडे २ आहेत, अजून ४ पाहिजे. गुणायचं २^३ × ३^४ = ८ × ८१ = ६४८ नं. चेक करा, ७२ × ६४८ = ४६६५६, ६ चा सहावा घात. बरोबर.

नुसता वर्ग करायचा असता तर ७२ ला फक्त २ नं गुणून १४४ झालं असतं, अन नुसता घन पाहिजे असता तर ३ नं, २१६. पोरं काय करतात, २ अन ३ दोन्ही काढतात, गुणून ६ लिहितात, ७२ × ६ = ४३२, जे दोन्हीपैकी एकही नाही. वेगवेगळी उत्तरं काढून जोडायची नाही, घातांक सरळ ६ ला न्यायचा.

दुसरा खड्डा, घातांक ६ च्या वर असला तर. १२८ = २^७. आता ६ करायचे म्हणून कमी तर करता येत नाही, गुणायचं आहे ना, म्हणून पुढचा थांबा १२. पाच कमी पडतात, २^५ = ३२. १२८ × ३२ = ४०९६. बसची वाट बघण्यासारखं आहे, ६ ची सुटली तर १२ चीच पकडावी लागते. भागायचा प्रश्न असला तर उलटं, मागच्या थांब्यावर उतरा: ९३३१२ = २^७ × ३^६, २ नं भागलं की ४६६५६, झालं.

एक स्वतः करून बघा, १०८०. अवयव २^३ × ३^३ × ५. इथं ५ एकटाच आहे, त्याला अजून पाच पाहिजे, ५^५ = ३१२५. गुणक ८ × २७ × ३१२५ = ६७५०००, अन गुणाकार ७२९००००००, म्हणजे ३० चा सहावा घात. एवढं मोठं उत्तर बघून पोरं घाबरून खोडतात, खोडू नका, शेवटची शून्यं मोजा, सहा आहेत, सुटला.

किती आहेत? मोजायचे प्रश्न

एखाद्या संख्येपर्यंत असे किती विचारलं, तर त्या संख्येचं सहावं मूळ काढा अन दशांश कापून टाका. १००० पर्यंत ३, १०००० पर्यंत ४, १० लाखापर्यंत बरोब्बर १०, १ कोटीपर्यंत १४, १०० कोटीपर्यंत ३१ (० सोडून). बघा किती विरळ होत जातात, १ ते १०० कोटीत फक्त ३१.

"वर्ग किंवा घन" असलेल्या किती, असं विचारलं तर दोन्ही मिळवा अन जे दोनदा मोजले ते एकदा वजा करा. १००० पर्यंत वर्ग ३१, घन १०, दोन्ही ३: ३१ + १० − ३ = ३८. अन यापैकी काहीच नाही अशा १००० − ३८ = ९६२. १० लाखापर्यंत १००० + १०० − १० = १०९०.

सहा अंकी किती? इथं मी स्वतः एका परीक्षेत मार्क घालवला आहे. ७, ८, ९, १० असे चार मोजून मोकळा झालो, अन १० चा सहावा घात १० लाख, तो सात अंकी. उत्तर ३: ११७६४९, २६२१४४, ५३१४४१. बाहेर येऊन टपरीवर चहा घेताना लक्षात आलं, मग चहा पण गोड लागला नाही.

विभाजकांचा पण एक प्रकार असते, ४६६५६ चे असे किती विभाजक जे वर्ग पण अन घन पण? ४६६५६ = २^६ × ३^६, तर प्रत्येक अवयवाचा घातांक ० किंवा ६ च घेता येते, २ × २ = ४. ते म्हणजे १, ६४, ७२९ अन स्वतः ४६६५६.

अन "दोन्ही" अन "शेजारी" यात गडबड करू नका. ८ हा घन, ९ हा वर्ग, शेजारी आहेत पण दोन्ही कोणीच नाही. १ पेक्षा मोठे पूर्ण घात एकाला एक लागून येतात ते फक्त ८ अन ९, असं १८४४ मध्ये कातालान नावाच्या गणितज्ञानं म्हटलं अन ते सिद्ध व्हायला २००२ साल उजाडलं, मिहाइलेस्कूनं केलं. प्रश्न आठवीचा वाटते अन उत्तराला दीडशे वर्षं लागतात. रामानुजनच्या १७२९ मध्ये पण आपला एक गडी लपला आहे, १७२९ = १००० + ७२९.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर

प्रोग्रॅमिंग शिकणारी पोरं १ ते १० लाख प्रत्येक आकडा घेऊन वर्ग आहे का, घन आहे का असं तपासतात. अरे उलटं चाला ना, १ पासून १० पर्यंत प्रत्येकाचा सहावा घात छापा, दहा फेऱ्यांत काम खतम.

एखादा दिलेला आकडाच तपासायचा असेल तर दशांशावर भरोसा ठेवू नका. पायथनमध्ये ६४ चा १/३ घात काढला तर ४ येत नाही, ३.९९९९९९९९९९९९९९९६ येते. त्याचा पूर्णांक भाग घेतला की ३, अन तुमचा प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगते की ६४ घन नाही. उपाय सोपा, आलेलं मूळ जवळच्या पूर्णांकाला न्या, ४ करा, अन मग ४×४×४ पूर्णांकातच गुणून ६४ येते का बघा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पण हीच सवय ठेवा, मूळ काढलं की परत गुणून बघायचं.

एक्सेलमध्ये लिस्ट करत असाल तर ३१६ पर्यंत बिनधास्त ओढा. ३१७ चा सहावा घात १६ अंकी होते, अन एक्सेल १५ अंकच धरते, शेवटच्या जागी ० दाखवते. ७ नं संपणाऱ्याचा सहावा घात ९ नं संपला पाहिजे हे आपण वर बघितलंच, म्हणून तिथं ० दिसला की समजायचं चूक आपली नाही, डब्याची आहे.

भाच्यानं हे सगळं झाल्यावर त्या झेरॉक्स नोट्समधल्या २+३=५ वर काट मारली अन बाजूला ६ लिहिलं. मग किचनमध्ये जाऊन ताईला म्हणे, आई पुढच्या वेळी ७२९ तुकडे कर. ताई म्हणे करते ना, ताट कुठून आणू? आम्ही हिशोब केला, अडीच सेंटीमीटरचा तुकडा धरला तर २७ बाय २७ चं ताट साडेसदुसष्ट सेंटीमीटरचं पाहिजे, अन डबा मात्र फक्त साडेबावीसचा. ताट भागिले डबा, ३. ताई म्हणे ते सगळं ठीक आहे, पण ७२९ पैकी तुझा मामा किती खाईल ते आधी वजा कर.